टाकी रोडची त्रेसष्ट झाडं

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

साखर दोनशे चाळीस निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज पाऊण तास चालायचं, आणि कुठं चाललात, काय बघितलंत ते वहीत लिहून आणायचं, म्हणजे खरंच चालताय का ते कळेल. चौतीस वर्षं वीज खात्यात लाइनमन होतो. लिहिलं ते फक्त लॉगबुकात. अमुक लाइन बंद, अमुक वाजता चालू. तसंच लिहितो.

सहा दहाला शहापुरातून निघालो. शेजारी माग सुरू झाला होता. टाकी रोडनं टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. जुन्या पाण्याच्या टाकीपासून छावणीच्या भिंतीपर्यंत बावीस खांब. दोन्ही बाजूंना झाडं. लोक इथं फिरायला येतात, वर बघतात आणि बेळगाव किती हिरवं आहे म्हणतात. मला झाडाचं कौतुक नाही. लाइनमनला झाड म्हणजे तारेवर पडणारी फांदी. दर मे महिन्यात पावसाच्या आधी या रस्त्यावरच्या फांद्या छाटायचं काम माझ्याच गँगकडं असायचं.

सातव्या खांबाजवळ एक झाड गुलाबी फुलांनी भरलंय. पान एक नाही. नाव ठाऊक नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

किल्ल्याकडं गेलो. खंदकाच्या कडेनं कमळ बस्तीच्या जैन मंदिरापर्यंत. दगडी कमळ बघायला बाहेरगावचे लोक आलते. खंदकात वडाची मुळं भिंतीत शिरलीत, दगड सरकलेत. तलावावर बगळे. तिथं गाड्या लई, हवा खाल्ल्यापेक्षा धूरच जास्त खाल्ला. उद्यापासून टाकी रोडच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

टाकी रोडच्या टोकाला धुकं नसलं की दक्षिणेला येळ्ळूरचा गड दिसतो. माझं गाव. गडाखाली आमचं रान. ते भाऊ बघतो.

तेराव्या खांबाजवळच्या मोठ्या रेनट्रीवर धनेशाची जोडी आली आहे. मोठ्या चोचीचे राखाडी पक्षी. एक ढोलीत तोंड घालून बघत होता, घर भाड्यानं घेताना बघतात तसं. मी वीस मिनिटं थांबलो. चालण्यात धरायची का ही वीस मिनिटं ते डॉक्टरांना विचारायला पाहिजे.

गुलाबी झाडाचं नाव त्रिशलाआक्कांनी सांगितलं. टॅबेबुया. त्या टाकीजवळ राहतात. मूळच्या निपाणीच्या, कोर्टात शिरस्तेदार होत्या. त्यांच्या घरची लाइन मी जोडलेली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

झाडांवर लाल रंगानं आकडे टाकलेत. डबा घेऊन एक माणूस शेवटचे आकडे टाकत होता. म्हणाला, रस्ता रुंद होणार आहे. टाकीच्या फाटकावर एक कागद चिकटवलाय, कानडीतला. मी खात्यात कानडी शिकलो, वाचायला वेळ लागतो पण येतं. तोडायची एकूण झाडं एकोणपन्नास.

परत येताना सहज मोजली. एक गोष्ट समजली नाही. रस्त्याच्या हद्दीचे नवे दगड पुरलेत. त्या दगडांच्या आत माझ्या मोजणीनं चौसष्ट झाडं येतात. आकडे एकोणपन्नासांवरच. बाकीची बिनआकड्याची आहेत, पण दगडाच्या आतच उभी आहेत.

मोजताना माझी चूक झाली असेल.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बायकोला, रुक्माला, घेऊन गेलो. ती डाव्या बाजूनं, मी उजव्या बाजूनं, मग बदलून. तिची बेरीज त्रेसष्ट आली. अठराव्या खांबाजवळ एका बुडातून दोन आंबे वर गेलेत, तिथं आमचं भांडण.

ती म्हणाली, "बूड एक म्हंजे झाड एक. जुळी असली तरी आई एकच न्हवं?"

मी म्हटलं, त्रेसष्ट तर त्रेसष्ट. एकोणपन्नास काही होत नाहीत. दोन-चार झाडं चुकली तर समजू शकतो. चौदा झाडं कुणी चुकतं का?

येताना रुक्मा दमली नाही. मीच दोनदा बसलो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

त्रिशलाआक्कांनी कोडं सोडवलं. चहा ठेवला, चष्मा लावला आणि कायदा वाचून दाखवला. पन्नासपेक्षा जास्त झाडं तोडायची असली तर जाहीर नोटीस काढून लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. पन्नासच्या आत असली तर ऑफिसातल्या ऑफिसात परवानगी मिळते.

"म्हणून एकोणपन्नास," त्या म्हणाल्या. "माझ्या नोकरीत मी असे आकडे बघितलेत, आण्णाप्पा. हा आकडा झाडं बघून नाही काढलेला. कायदा बघून काढलाय."

मला राग आला. झाडासाठी नाही. मोजणीसाठी. आमच्या खात्यात खांब एक कमी दाखवला तर माणूस मरायचा. चौदा खांब मी नाहीत म्हणून दाखवले असते तर मला तुरुंगात घातलं असतं.

तरी एक गोष्ट खरी. रुंद रस्ता पाहिजे की नको, हे मला ठरवता येत नाही. सकाळी शाळेच्या गाड्या अडकतात ते मीही बघतो. कदाचित रस्ता झालाच पाहिजे. पण मग विचारून करा.

२४ फेब्रुवारी, सोमवार

झाडांच्या ऑफिसात गेलो. दीड तास बसवलं. कारकुनानं आत नेलं. साहेबांचं नाव नागेंद्र. धारवाडकडचे, वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे. "कुंद्री," म्हणाले, म्हणून बसलो. मी माझ्या खात्यातल्या कानडीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, यादी रस्त्याचं काम घेतलेल्या कंपनीनं दिली आहे, आमचा माणूस कमी, सगळं फिरून बघणं होत नाही. तुमचं म्हणणं लिहून द्या.

बाहेर कारकून दुसऱ्याला सांगत होता, "हेच ते आण्णाप्पा. आयुष्यभर कोयता घेऊन झाडावर असायचे. आता झाडं वाचवायला निघालेत."

दोघं हसले. मीही थोडा हसलो. खोटं काय बोलला तो? जिना उतरताना मात्र वाटलं, मी इथं कशाला आलो. घरी भाकरी खाऊन पडायचं सोडून.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

झाडं तोडायचं काम भरमानं घेतलंय.

भरमा माझ्या गँगमध्ये हेल्पर होता. एकवीस वर्षं. मी वर, तो खाली दोर धरून. माझा बेल्ट मी बांधायचो, पण गाठ तो तपासायचा. कंत्राटी होता, खात्यानं कायम केलं नाही. मग त्यानं कटर मशीन घेतलं आणि टेम्पो घेतला. आता कंपनीनं त्याला लावलंय.

त्याच्या घरी गेलो. अनगोळात. दारातच विचारलं, "टाकी रोडचं काम तू घेतलंस व्हय रं?"

"घेतलंय, आण्णा. मी न्हाय घेतलं तर दुसरा कोण बी घेणार."

"त्रेसष्ट झाडं हाईत तिथं. कागदावर एकोणपन्नास. ठावं हाय तुला?"

त्यानं आत वळून पाणी आणायला सांगितलं. मग म्हणाला, "मला काम सांगितलंय, मी करणार. पोट हाय न्हवं."

मी म्हटलं, यापुढं माझ्या उंबऱ्याला पाय लावू नकोस. त्याची बायको शालूबाई पाणी घेऊन आली होती, तांब्या तसाच हातात. मी पाणी न पिता आलो.

एकवीस वर्षं. माणूस ओळखायला कमी पडतात म्हणायचं.

३ मार्च, सोमवार

त्रिशलाआक्कांनी हरकतीचा अर्ज कानडीत लिहिला. सुंदर अक्षर. माझा पुतण्या मष्णू येळ्ळूरहून आला होता. तो सीमाभागाच्या आंदोलनातला. प्रत्येक मोर्च्यात पुढं. अर्ज बघितला आणि खाली ठेवला.

"काका, मराठीत द्यायचा. हक्क हाय आपला. तुमीच कानडीत दिला तर आमी कशासाठी लाठ्या खाल्ल्या?"

"मराठीत दिला तर कारकून म्हणणार, समजलं न्हाय, परत आणा. तवर झाडं पडत्यात."

"म्हणून वाकायचं?"

या शब्दानं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मष्ण्या, वाकतोय कोण? त्यास्नी समजत न्हाय म्हणायला एक बी वाट ठेवायची न्हाय, म्हणून त्यांच्या भाषेत देतोय. ह्याला वाकणं म्हणत्यात व्हय?"

तो न जेवता गेला. रुक्मा म्हणाली, पोराला उपाशी घालवलंत. मी म्हटलं, बरं झालं.

संध्याकाळी मी स्वतः मराठीत अर्ज लिहिला. चार पानं खराब झाली. बुधवारी दोन्ही देणार, एकाला एक टाचून. वर कानडी, खाली मराठी. दोन्हीवर पोच घेणार.

५ मार्च, बुधवार

अर्ज दिला. कारकून म्हणाला, एक पुरे, दुसरा काढा. मी म्हटलं, दोन्हीवर शिक्का मारला तरच उठतो. दुपारी एकला शिक्का मारला. दोन्हीवर.

तेराव्या खांबाच्या रेनट्रीवर ढोलीचं तोंड आता चिखलानं लिंपलंय. एक बारीक फट ठेवलीय. मादी आत बसली आहे. नर दर वीस-पंचवीस मिनिटांनी वडाची फळं चोचीतून आणतो आणि फटीतून देतो. त्रिशलाआक्का म्हणाल्या, पिल्लं मोठी होईपर्यंत ती बाहेर येत नाही. त्या झाडाला लाल आकडा नाही. म्हणजे कागदावर ते झाडच नाही.

८ मार्च, शनिवार

भरमाचा फोन. भांडणानंतर पहिल्यांदा. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"सोमवारी सकाळी सहाला मशीन लावणार हाय. तेराव्या खांबापास्नं सुरू करणार. सांगून ठेवतो. मागनं बोलू नका सांगितलं न्हाय म्हणून."

आणि ठेवला. एवढी मस्ती. मला, ज्यानं त्याला खांबावर चढायला शिकवलं त्याला, धमकी. अर्जावर अजून उत्तर नाही आणि हे आधीच तोडायला निघालेत.

रुक्माला सांगितलं. तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, "त्येनं वेळ बी सांगितली आनि खांब बी सांगितला व्हय?"

"मस्ती आली की माणूस सगळंच सांगतो."

त्रिशलाआक्कांना फोन लावून तिनंच सगळं सांगितलं. मी मष्णूला केला. न जेवता गेलेला, उचलेल का वाटलं नव्हतं. त्यानं ऐकून घेतलं आणि "बघतो" म्हणाला.

१० मार्च, सोमवार

हात अजून दुखतायत, तरी आजच लिहितो.

रुक्माला घेऊन साडेपाचला पोचलो. त्रिशलाआक्का आणि रस्त्यावरचे सात-आठ जण होते. भरमाचा टेम्पो आधीच आलेला. तो एकटाच, बाजूला विडी ओढत. मजूर अजून यायचे होते. आणि तेराव्या खांबाच्या रेनट्रीला शिडी लावून ठेवलेली. पक्की, बुडाला दगड लावून, वर दोरानं बांधून. माझ्या हाताखाली असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. माणसं जमलेली असताना शिडी अशी लावून सोडतात का?

सहाला मजूर आले, कंपनीचा सुपरवायझर आला. मी त्याला अर्जाची पोच दाखवली. त्यानं बघितलीसुद्धा नाही. म्हणाला, "आजोबा, बाजूला व्हा, फांदी पडंल अंगावर."

आजोबा म्हणाला म्हणून की काय ठाऊक नाही. मी चप्पल काढली आणि शिडी चढलो. रुक्मानं माझा हात धरला, मग सोडला. वर पहिल्या बेचक्यात बसलो. एकसष्टाव्या वर्षी दम लागला, पण पाय विसरले नव्हते. मी खाली ओरडून सांगितलं, "झाडावर माणूस असताना मशीन लावता येत न्हाय. हा नियम मी चौतीस वर्षं पाळलाय. आता तुमी पाळा."

भरमा वर बघत म्हणाला, "डाव्या फांदीवर पाय ठिवू नका, पोकळ हाय."

एवढ्या लोकांसमोर मला झाड शिकवतो. मी उजवीकडं सरकलो, पण त्याच्या सांगण्यावरून नाही.

सुपरवायझर भरमावर ओरडला, ह्याला खाली काढ. भरमा म्हणाला, "चढलेला माणूस ओढून काढला तर पडतो, साहेब. केस माझ्यावर होणार. तुमी काढा." सुपरवायझर शिडीकडं बघून थांबला.

सातला मष्णू आला. त्याच्यामागं येळ्ळूरची पंधरा-वीस पोरं मोटरसायकलवर. मला वाटलं घोषणा मराठीतून होणार. पोरं झाडाभोवती सुम्म, गप बसली. मग सुपरवायझर पोलिसांना फोन लावायला लागला तशी मष्णूनं वर बघून मला विचारलं, "काका, कानडीत झाडाला काय म्हंतेत?" मी म्हटलं, मरा. मग त्यानं कानडीत पण एक घोषणा दिली, मोडकी-तोडकी. पोलीस आले तेव्हा त्यातल्या एकाला हसू आवरलं नाही.

वर बसून पाच तास काय बघितलं ते लिहायला पाहिजे. धनेशाचा नर आधी लांब टाकीवर बसून राहिला. मग आठच्या सुमारास आला. माझ्यापासून दोन हातांवर. एक डोळा माझ्यावर ठेवून त्यानं फटीतून फळं दिली. आतून चोचीचं टोक बाहेर आलं आणि गेलं. इतकी वर्षं या झाडावर चढलो, एकदाही आत कोण आहे बघितलं नव्हतं. कोयता मारला आणि उतरलो. ती ढोली मीच केलेली असेल. चुकीची छाटलेली फांदी कुजली की ढोली होते.

पोलिसांनी पोच वाचून बोलावलं म्हणून दहाला नागेंद्रसाहेब आले. सोबत दोन माणसं आणि टेप. मला म्हणाले, उतरा, आता मोजतो. मी म्हटलं, मोजून झाल्यावर उतरतो. ते वैतागले, पण मोजायला गेले. तासाभरानं परत आले, मोजणी त्रेसष्टच भरली. सुपरवायझर म्हणाला, जी झाडं यादीत नाहीत ती तोडणारच नव्हतो.

साहेबांनी भरमाला विचारलं, "तुला किती झाडं तोडायला सांगितलीत?"

सुपरवायझर त्याच्याकडं डोळे वटारून बघत होता. भरमा सरळ म्हणाला, "त्रेसष्ट."

"कुणी सांगितलं?"

"ह्येनीच. लिहून दिलंय." आणि खिशातून कागद काढून दिला.

गड्याला तोंडावर ताबा कधीच नव्हता. स्वतःच्या मालकाला स्वतःच बुडवलं. पण त्याच्या मूर्खपणाचा आम्हाला फायदा झाला. काम थांबवलं. साहेबांनी तिथंच टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं.

उतरलो. भरमानं शिडी धरली होती. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

११ मार्च

अंग ठणकतंय. चाललो नाही.

१९ मार्च, बुधवार

साखर एकशे साठ. डॉक्टरांनी विचारलं, काय केलंत? वही दाखवली. वाचत बसले, बाहेर पेशंट खोळंबले.

कंपनीनं भरमाला काढलं म्हणे. बडबड केली की असंच होणार. रुक्मा चकल्यांचा डबा घेऊन अनगोळला निघाली होती. मी विचारलं, त्या घरी कशाला?

"शालूबाई माझी मैतरीण हाय. तुमचं भांडण तुमच्यापाशी ठेवा."

"भरमानं काय केलंय ठाऊक हाय न्हवं तुला?"

"ठावं हाय," ती म्हणाली. "तुमास्नी ठावं हाय का बघा." आणि गेली. तिच्या बोलण्याचा अर्थ लागला नाही.

७ एप्रिल, सोमवार

सुनावणी झाली. लोक जमले दोनशेच्या वर. नोटीस दोन्ही भाषांत लागली होती. मष्णूनं तिचा फोटो काढून येळ्ळूरभर पाठवला.

कंपनीच्या वकिलानं मला उभं केलं. "तुम्ही स्वतः या रस्त्यावरची झाडं तोडत होता की नाही?"

मी रात्री काय काय ठरवून ठेवलं होतं, ते सगळं विसरलो. म्हटलं, "व्हय. दरवर्षी. म्हणूनच मला ती पाठ हाईत. चौतीस वर्षांत फांद्या लई तोडल्या. काही वाईट तोडल्या, त्याची मला लाज वाटती. पण एक बी झाड बुडातनं काढलं न्हाय. तार बी राहिली, झाड बी राहिलं. आमाला जमलं ते तुमाला का जमत न्हाय, तेवढं सांगा."

वकील म्हणाला, हा भावनेचा प्रश्न नाही.

मी म्हटलं, "मी कुठं भावना सांगितली? मी काम सांगितलं."

मग त्रिशलाआक्का उठल्या आणि नकाशा मांडला. वीस फूट उत्तरेला रस्ता सरकवला तर छावणीच्या भिंतीपर्यंत सरकारी मोकळी जागा आहे. शाळेच्या गाड्यांनाही वाट होते. कोर्टात असं बोलणाऱ्यांना त्या आयुष्यभर नुसत्या ऐकत आल्या होत्या. आज त्या बोलल्या आणि सगळे ऐकत होते.

२८ एप्रिल, सोमवार

हुकूम आला. रस्ता सरकणार. टाकीजवळच्या वळणावर मात्र जागा नाही. एकोणीस झाडं जाणार. चव्वेचाळीस राहणार.

मष्णूनं पेढे आणले. मला गोड चालत नाही म्हणून त्यानं माझ्या वाटणीचेही खाल्ले. सगळे जिंकलो म्हणतात. एकोणीस झाडं म्हणजे एकोणीस झाडं. मला नीट जेवण गेलं नाही. रुक्मा म्हणाली, झाडाचं कौतुक न्हाय न्हवं तुमास्नी? मी म्हटलं, हा हिशेबाचा भाग आहे.

३ मे, शनिवार

नागेंद्रसाहेब घरी आले. चहा घेतला. म्हणाले, वळणावर सव्वीस झाडं आहेत, त्यातली एकोणीस कुठली ते तुम्ही दाखवा. पोकळ कुठलं, रोगट कुठलं, तुमच्याएवढं कुणाला माहीत नाही.

मी नाही म्हटलं. ज्या झाडांसाठी वर चढलो त्यांच्यावर मी माझ्या हातानं लाल रंग मारू?

साहेब उठले. दारात वळून म्हणाले, "मग कंपनीचा माणूस मारेल. त्याला जवळची सोपी पडतात."

त्यांना बोलावून परत बसवलं. म्हटलं, मारतो. पण एक अट. तोडायला भरमाच पाहिजे. दुसरा कुणी आला तर एक झाड पाडताना शेजारची दोन जखमी करणार. फांदी कुठून धरायची, दोर कुठं बांधायचा, हे त्याला मी शिकवलंय.

साहेब म्हणाले, "तुमचं त्याच्याशी भांडण आहे ना?"

"आहे. ते वेगळं. काम वेगळं."

संध्याकाळी डबा घेऊन गेलो. एकोणीस आकडे टाकले. शेवटचा आकडा वाकडा आला. खोडून परत नाही काढला.

१२ मे, सोमवार

काल वळीव झाला, जमीन ओली होती. सातला सुरू केलं. भरमा, त्याचे चार मजूर, नागेंद्रसाहेबांचा एक माणूस, कंपनीचा तोच सुपरवायझर. मी वळणावर खुर्ची टाकून बसलो होतो. पहिल्या झाडाला भरमा बेल्ट बांधून वर चढला आणि वरून म्हणाला, "दोर धरा, आण्णा."

खाली मजूर होते की. पण दोराचं टोक त्यानं माझ्याकडं टाकलं. मी उठलो आणि धरला. आधी त्याची गाठ बघितली. बरोबर होती. दिवसभर आम्ही कामाशिवाय एक शब्द बोललो नाही. सोड, धर, डावीकडं, थांब. प्रत्येक फांदी दोरावर खाली घेतली. शेजारच्या सात झाडांचं पान हललं असेल, तुटलं नाही.

चारला एकोणिसावं खाली आलं. रस्त्यावर एकदम ऊन पडलं. मला तिथं बघवेना. मी दोर गुंडाळत होतो.

सुपरवायझर आला. हद्दीच्या दगडाला लागून एक वाकडा करंज होता. ना सावली, ना शोभा. त्याकडं हात करून तो भरमाला म्हणाला, "मशीन गरम हाय तवर ते एक उडव. तुला परत काम देतो कंपनीचं. कोण मोजतंय इथं?"

भरमानं मशीन बंद केलं. टेम्पोत ठेवलं. कापडानं हात पुसले.

"आण्णा मोजतेत," तो म्हणाला.

सुपरवायझर माझ्याकडं बघत राहिला. मी त्याच्याकडं बघितलं. मग तो गाडीत बसून गेला.

भरमा टेम्पोच्या फळीवर बसला. मी त्याच्या शेजारी बसलो. कोपऱ्यावरून दोन चहा मागवले, माझा बिनसाखरेचा. त्याला विचारलं, "मार्चमधी फोन केलास, त्यो कशाला केलतास रं?"

तो चहाकडं बघत म्हणाला, "सांगितलं न्हवं तवा. सांगून ठिवायला."

रुक्मा घरी वाट बघत असेल म्हणून मी उठलो. त्याला म्हटलं, उद्या उंबऱ्यापर्यंत ये, हिशेबाचं बोलायचंय. कसला हिशेब ते मलाही ठाऊक नव्हतं. तो "येतो" म्हणाला.

मग टाकीपासून भिंतीपर्यंत चालत गेलो आणि उलटा आलो, एकेका झाडाला हात लावत. करंज धरून चव्वेचाळीस. जुळा आंबा एकच धरला.